कठड्यावरचे चरे

१

दुपारी बारा ते चार हे तास माझे होते. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण लग्न होऊन हैदराबादेत, जामबागेतल्या या घरात आल्यापासून चार महिन्यांत ते आपोआप माझे झाले होते. नवरा साडेदहाला सायकल काढून दफ्तरात जायचा. गंगू भांडी घासून अकराला निघायची. सासूबाई जेवून माजघरात चटई टाकायच्या, डोळ्यांवर ओला पंचा घ्यायच्या आणि चारच्या चहापर्यंत त्या पंच्याखालून फक्त घोरणं बाहेर यायचं. मी मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची.

नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. पण हे लिहिणं आहे, तेव्हा लिहिते. मुकुंद.

ती खोली मला अशीच मिळाली नव्हती. माझे वडील नामदेवराव परभणीला मास्तर आहेत. लग्नाच्या बैठकीत त्यांनी एकच गोष्ट मागितली, "जयवंताची इंटरची परीक्षा तेवढी होऊ द्या." तेव्हा मुकुंद सगळ्यांसमोर म्हणाले होते, "परीक्षाच काय, अभ्यासाला खोलीसुद्धा देऊ." त्यातला 'सुद्धा' मला फार आवडला होता. 'सुद्धा' म्हणणारा माणूस मनानं मोठा असणार, असं मी परभणीच्या स्टेशनावर गाडीत बसताना समजत होते.

एका मंगळवारी साडेअकरा वाजता दारात बैलगाडी थांबली आणि आठ हमाल दगड घेऊन आत आले. दगडच. पाटीचा असतो तसल्या काळ्या दगडाच्या पाच प्रचंड फरश्या, एकेकीला चौघे जण. मागून हत्तीच्या पायासारखे लाकडी पाय आले, सागवानी कठडे आले, हिरव्या कापडाची गुंडाळी आली. सगळ्यांत मागून मुकुंद आले, दफ्तराला रजा टाकून, कपाळाचा घाम पुसत.

"मागच्या खोलीत," ते हमालांना म्हणाले.

"मागच्या खोलीत मी आहे," मी म्हणाले.

"तुझं टेबल जिन्याखाली लावू. उजेड आहे तिथे."

जिन्याखाली तांदळाची कोठी आहे. उजेड आहे म्हणजे कोठी दिसते इतका आहे.

"आणि हे काय आहे?"

"टेबल."

"टेबल होतं की."

"हे बिलियर्डचं आहे," मुकुंद म्हणाले. "पुराण्या हवेलीकडच्या एका नवाबाच्या देवडीचा, म्हणजे वाड्यातल्या सामानाचा, हर्राज होता, लिलाव. मालक कराचीला गेले. एवढी वस्तू पुन्हा हाती लागायची नाही."

मी गप्प बसते म्हणून मला शांत म्हणतात. आत काय चाललेलं असतं ते कुणी विचारत नाही.

२

या टेबलाचं कारण मला नंतर कळलं, तेही सासूबाईंकडून. या घराची तीन पिढ्यांची भाकरी उर्दू अक्षरावर चालली. मुकुंदांचं अक्षर तर असं, की जुने सदर मोहतमीम, म्हणजे दफ्तराचे वरिष्ठ साहेब, त्यांचे मसुदे नुसते बघायला मागायचे. पण गेल्या वर्षी पोलीस ॲक्शन झाली, आणि त्यानंतर मद्रासकडचे नवे अधिकारी दफ्तरात येऊन बसले. त्यांना सगळं इंग्रजीत लागे. मुकुंदांच्या नव्या साहेबांना, रंगनाथन साहेबांना, अक्षरात गोडी नव्हती, बिलियर्डमध्ये होती. ते चहा पिताना एकदा म्हणाले, "हैदराबादेत एक धड टेबल मिळत नाही." झालं.

मुकुंदांनी आयुष्यात कधी बिलियर्डची काठी धरली नव्हती. ते आबिद रोडवरून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले आणि त्यातली चित्रं बघून काठी धरू लागले. सासूबाई दारातून बघत म्हणाल्या, "मुकुंदा, विंचू मारतोयस का रे?"

टेबल जोडायला अंबाजी मिस्त्री आला. त्यानं दिवसभर दगड सपाटीला आणले, कापड ताणलं, कठडे बसवले. संध्याकाळी उभा राहून त्यानं मान तिरकी केली.

"साहेब, एक बोलू? याचे पाय कापलेले हाय्त."

"म्हणजे?"

"चार बोटं कमी हाय्त. मी क्लबातली टेबलं जोडलीत, मला म्हाईत हाय उंची. आन तुटलेले नाहीत, हौसेनं कापून घेतलेत. करवत चांगल्या हाताची हाय."

"कोण कापेल चांगल्या टेबलाचे पाय?" मुकुंद म्हणाले.

"ज्याला उंच पडत आसंल त्यो," अंबाजी म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

दुसऱ्या दिवशी मी कठडा पुसत होते. मुकुंदांनी ते काम मला दिलं होतं, खोली काढून घेतल्याची भरपाई असावी. खिडकीकडच्या टोकाला, डाव्या हाताच्या कोपऱ्याजवळ, बोटांना खरखर लागली. वाकून पाहिलं. बारीक बारीक चरे होते. अर्धगोल. एकात एक, जुडीनं, दहा-बारा एका जागी, मग पुन्हा बाजूला दहा-बारा. काही चऱ्यांवर पॉलिश चढलेलं होतं, आणि त्या पॉलिशवर पुन्हा नवे चरे होते. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच जागी हात टेकत आलं होतं.

असले चरे मी जन्मापासून बघते आहे. आमच्या परभणीच्या खिडकीच्या चौकटीवर आहेत, आई जिथे टेकून वाट बघते तिथे. तांदळाच्या कोठीच्या झाकणावर आहेत. कुठल्याही बाईला विचारा.

"हे बांगड्यांचे आहेत," संध्याकाळी मी मुकुंदांना म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. "नवाबाच्या बिलियर्डच्या खोलीत बांगड्या? अगं, तिथे बायकांना उंबरा ओलांडायची सोय नसते. हर्राजात ओढाताण झाली असेल."

हर्राजातली ओढाताण इतकी सुबक असते हे मला माहीत नव्हतं.

३

आठवडा गेला. मी जिन्याखाली बसून तर्कशास्त्र वाचत होते. घोरणं चालू होतं. बाहेर कुणी भाजीवालासुद्धा नव्हता, इतकं ऊन.

टक्.

मागच्या खोलीतून आवाज आला. हस्तिदंताचा हस्तिदंतावर. मग कापडावरून काहीतरी लांबवर घरंगळत गेल्याचा, आणि शेवटी टेबलाच्या कोपऱ्यातल्या जाळीत पडल्याचा मऊ आवाज.

मी बोट पुस्तकात ठेवून विचार केला. मांजर. मांजर चेंडू ढकलू शकतं. पण तिन्ही चेंडू मुकुंद रोज लाकडी पेटीत ठेवून झाकण लावतात. मग लाकूड. उन्हानं लाकूड तडकतं. तडकलेलं लाकूड घरंगळत नाही. तर्कशास्त्राच्या पुस्तकात याच धड्याला मी आले होते, कारण आणि परिणाम.

टक्. या वेळी थोडं थांबून, नेम धरल्यासारखं.

मी उठले आणि दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला गज आहेत. दोन पांढरे चेंडू कापडावर होते, लाल जाळीत. पेटी उघडी होती. एक काठी भिंतीच्या खुंटाळ्यातून काढून कठड्याला टेकवून ठेवलेली होती, आणि तिच्या टोकाला लावायचा निळा खडू त्या चऱ्यांच्या कोपऱ्यावर होता. खोलीत कसलाही वास नव्हता, गारठा नव्हता. नुसती एक खोली, जिच्यातून कुणीतरी आत्ताच उठून गेलं आहे.

आता यापुढे मी जे केलं ते माझ्याऐवजी कुणीही नवी सून असती तरी तिनं केलं असतं. मी आवरलं. चेंडू पेटीत ठेवले, काठी खुंटाळ्यात लावली, खडू जागेवर ठेवला. पसारा दिसला की आवरायचा, आणि कुणी केला ते विचारायचं नाही, हे आम्हाला इतकं शिकवलेलं असतं की भीती वाटायच्या आधी हात चालतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी रोज आवरत राहिले.

४

"हे काय आहे?"

मुकुंदांनी माझा पदर धरला होता. त्याच्या टोकाला निळा डाग होता.

"खडू," मी म्हणाले.

"दुपारी खेळतेस तू?"

"नाही."

"कठड्यावर नवे चरे आहेत, जयवंता. काल नव्हते ते. मी भिंग लावून बघितलंय. तूच म्हणालीस ना बांगड्यांचे आहेत? मग?"

मी सांगितलं. आवाज येतो, चेंडू बाहेर असतात, मी आवरते. सांगताना मलाच ऐकू येत होतं की कसं वाटतंय ते.

सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "सूनबाई, खेळलीस तर खेळलीस म्हण की. पोरवय आहे. पण खोटं कशाला? घरात बांगड्या भरलेले हात एकच आहेत."

हे मात्र खरं होतं. सासूबाईंचे हात सहा वर्षांपूर्वी मोकळे झाले. गंगूच्या मनगटात गोंदण आहे, बाकी काही नाही, आणि दुपारी ती नसतेच. उरले मी, आणि कोपरापर्यंत लग्नातला हिरवा चुडा.

"टेबलाची उंचीसुद्धा तुझ्याच मापाची आहे," मुकुंद म्हणाले. 'सुद्धा' पुन्हा आला.

"मी हात लावला नाही. म्हणजे आवरायला लावला. खेळायला नाही."

"मला खेळण्याचा राग नाही," ते म्हणाले, आणि हे ते इतक्या उदारपणे म्हणाले की माझ्या कानशिलांत आग पेटली. "मला खोटं बोलण्याचा राग आहे. परीक्षेचा फॉर्म आलाय ना तुझा? पालकाच्या सहीचा? खरं बोलशील त्या दिवशी सही करतो."

फॉर्म भरायला बारा दिवस उरले होते.

त्या दिवशी मी जेवले नाही. रुसून नव्हे. संतापानं घास उतरेना. मी खेळले असते तर सांगितलं असतं. उलट माझ्या मनात आलं, खेळायला हवं होतं. माझी खोली होती, माझे चार तास होते. आणि माझ्याच खोलीत, माझ्याच तासांत कुणी दुसरी खेळते, आणि निळा डाग माझ्या पदराला. खोटेपणाचं एवढं ओझं मी खरं बोलून उचलत होते.

'दुसरी' असं मी मनात म्हटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

बांगड्या काढून ठेवून दुपार काढली असती की निकाल लागला असता. इतकी सोपी गोष्ट. पण चुडा उतरवायचा म्हणजे काय, ते मी सांगायला नको. नवरा दफ्तरात धडधाकट बसलेला असताना मोकळ्या हातांनी घरात वावरणारी सून कुणाला बघवेल? मुकुंदांना ते सुचलं नाही. सासूबाईंना सुचलं असेल, त्या बोलल्या नाहीत.

५

दिवाळीच्या आधी चुडी बाजारातून चाँदबी यायची, टोपली घेऊन. परकर सावरत ओसरीवर बसायची आणि घरातल्या हातांना बांगड्या भरायची. माझ्या दोन बांगड्या वाढवल्या होत्या, म्हणजे फुटल्या होत्या, त्या जागी तिनं नव्या चढवल्या. सासूबाई आत पाणी आणायला गेल्या तेव्हा मी तिला म्हणाले, "चाँदबी, एक चीज बघणार?"

ती मागच्या खोलीत आली. टेबल बघून म्हणाली, "अय्यो, ये तो पलंग से बी बडा है. सोते क्या इसपे?"

मी तिला कोपरा दाखवला. ती हसत हसत वाकली. चऱ्यांवरून तिनं अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, जसं ती बांगडीचं माप बघताना फिरवते. तिचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"कोन बोले ये तुमारे हैं बोल्के?"

"सगळेच."

"कांच ऐसा नई खोदता," ती म्हणाली. "कांच की पतली लकीर रहती. ये लाख के जोडे हैं, नगवाले. हमारेच बाजार के. और माप देखो." तिनं माझं मनगट धरून त्या अर्धगोलावर टेकवलं. माझ्या बांगडीची कड चऱ्याच्या कितीतरी बाहेर राहिली. "इत्ता छोटा हात हमारे पास साल में दो-तीन आते. बच्ची का हात."

"हे तुम्ही माझ्या सासूबाईंना सांगाल?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा नख टेकवलं, सगळ्यांत कडेच्या जुडीवर, आणि झटकन उचललं. नखाला लाकडाची पांढरी पूड लागली होती. ताजी.

"नक्को दुल्हन," ती म्हणाली. "मेरेकू इसमें नक्को डालो."

ओसरीवर सासूबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. चाँदबीनं पाणी घेतलं नाही. टोपली उचलून ती भर उन्हात चालती झाली, आणि सासूबाई मला म्हणाल्या, "काय बोललीस तिला?"

म्हणजे तेही मीच.

६

त्या संतापातच मला युक्ती सुचली. मी मुकुंदांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"बांगड्या काढता येत नाहीत ना? मग बांधा. मनगटापासून कोपरापर्यंत. शिवून टाका. खोलीला कुलूप लावा, किल्ली तुमच्या कनवटीला. आणि आज झोपू नका. माझ्याशेजारी बसा."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी इतकी वाक्यं एका वेळी कधी बोलले नव्हते. मग त्यांनी खरंच सुई-दोरा आणला आणि माझे दोन्ही हात उशीच्या अभ्र्यासारखे टाके घालून शिवून टाकले. कुलूप लावलं. आम्ही दोघी बंद दाराबाहेर भिंतीला टेकून बसलो, मी अशी हातांची गाठोडी मांडीवर घेऊन.

बारा वाजले. साडेबारा. सासूबाई म्हणाल्या, "कुठे गं तुझं ते?"

टक्.

त्यांचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं. आत चेंडू घरंगळला. थांबला. मग पावलं नाहीत, पण कुणीतरी टेबलाला वळसा घालून जातं तेव्हा जे ऐकू येतं ते सगळं आलं. कठड्याला कापड घासलं. काठीचं बूड जमिनीला टेकलं. मग कठड्यावर कटकट कटकट, जड, बद्द. काचेच्या बांगड्या किणकिणतात. या किणकिणत नव्हत्या.

टक्.

सासूबाईंनी माझे बांधलेले हात धरले. मला वाटलं भीतीनं. मग कळलं, त्या चाचपत होत्या. टाके शाबूत आहेत का ते.

"उघडा," मी म्हणाले.

"नको गं."

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी कनवटीची किल्ली घेऊन कुलूप काढलं. खोली रिकामी होती. लाल चेंडू अजून चालत होता. लांबच्या कठड्याला लागून तो परत फिरला, आमच्या दिशेनं हळूहळू आला, आणि अलीकडच्या कडेला, आम्ही उभ्या होतो तिथे, थांबला. कोपऱ्यातल्या चऱ्यांवर सागवानाचा भुसा होता. सासूबाईंनी तो पदरानं पुसून घेतला. म्हणजे त्यांचेही हात आधी चालले.

मग त्यांनी दार ओढलं, कुलूप लावलं, मला माजघरात आणलं आणि कात्रीनं माझे टाके उसवू लागल्या.

"पटलं ना?" मी म्हणाले. "आज संध्याकाळी सांगा त्यांना."

"नाही सांगायचं."

"का?"

"रविवारी साहेब यायचे आहेत. मुकुंदाचा धीर सुटला तर? आधीच दफ्तरात चौघांना घरी बसवलंय."

"मग माझ्यावरचा आळ?"

सासूबाई कात्री चालवत राहिल्या. वर बघितलं नाही. "राहू दे की. सुनेवर असलेला बरा. घरावर नको."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. तोवर त्यांना मी खोटी वाटत होते, ते मी सोसलं होतं. आता मी खरी आहे हे कळल्यावर त्यांनी मला गप्प केलं. आत कोण होतं त्याची भीती मला त्या क्षणी वाटलीच नाही. आतली ती निदान माझ्याबद्दल काही बोलत नव्हती.

७

रविवारी साडेतीनला रंगनाथन साहेब आले. उंच, सावळे, कपाळाला बारीक गंधाची रेघ, पांढरीशुभ्र पँट. माणूस वाईट नव्हता. मला बघून नमस्कार केला, "वेरी सॉरी टु ट्रबल यू" म्हणाले. या घरात मला सॉरी म्हणणारा तो पहिला माणूस.

मी चहा करत होते. माजघरात सासूबाई पोथी उलटी धरून बसल्या होत्या. मागच्या खोलीतून साहेबांचे फटके ऐकू येत होते, स्वच्छ, एकापाठोपाठ एक. मधूनच मुकुंदांची काठी कापडाला खरवडल्याचा आवाज, आणि साहेबांचं मऊ, "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड." अर्ध्या तासात ते 'नेव्हर माइंड' मऊ राहिलं नव्हतं. त्यात कंटाळा आला होता. मला मुकुंदांची कीव आली. खोटं कशाला बोलू, आली.

ट्रे घेऊन मी दारात उभी राहिले. दोन्ही हात ट्रेला. मुकुंद खिडकीकडच्या टोकाला होते, त्या कोपऱ्याजवळ. डावा हात कापडावर टेकून, त्याच्या बोटांवर काठी ठेवून, पुस्तकातल्या चित्राप्रमाणे वाकलेले. काठी थरथरत होती. साहेब माझ्याकडे पाठ करून खिडकीतून सीताफळाचं झाड बघत होते.

मुकुंदांच्या डाव्या हातावर आणखी एक हात होता.

लहान. तळव्याच्या कडेपर्यंत मेंदी, जुनी, काळपट पडलेली. मनगटापासून वर लाखेच्या बांगड्यांचे जोडे, नग चमकत होते. तो हात मुकुंदांची बोटं एकेक करून सरळ करत होता. करंगळी आत, अंगठा वर. चिडून, जसे माझे वडील पहिलीतल्या पोराची पेन्सिल धरलेली बोटं सरळ करतात तसा. जोड्यांच्या वर बाही होती, थोडीशी. तिच्यावर मुकुंदांचा कोट होता. मी त्या हातापासून वर बघत गेले आणि मला कोटच दिसत राहिला.

मग तो हात मुकुंदांच्या हातावर सपाट टेकला. दाबला.

टक्.

पांढरा चेंडू लाल चेंडूला लागला, कठड्याला लागला, दुसऱ्या कठड्याला लागला, आणि लाल जाळीत गेला. साहेब वळले. "अरे!" मुकुंदांनी पुन्हा काठी मागे घेतली. टक्. पुन्हा. टक्. चेंडू दर वेळी असे थांबायचे की पुढचा फटका डावा हात जागेवरून न हलवता बसावा. साहेब टाळ्या वाजवू लागले. "मुकुंदराव, यू हॅव बीन हायडिंग! मिसिंग ऑन पर्पज, टु लेट मी विन?"

मुकुंद हसले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि दारात माझ्याकडे बघितलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हातांकडे. दोन्ही हातांकडे. ट्रेकडे.

मी तेव्हा खाली बघितलं. कापडावर त्यांचा एकट्याचाच हात होता.

८

साहेब खूश होऊन गेले. पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाले, नव्या कचेरीत आपल्याला माणसं लागणार आहेत म्हणाले. मुकुंद त्यांना दारापर्यंत पोचवायलासुद्धा आले नाहीत. सासूबाई लाजेनं अर्ध्या झाल्या. "दमलाय हो," त्या मराठीतच साहेबांना म्हणाल्या, आणि साहेबांनी तमिळमध्ये काहीतरी म्हणून नमस्कार केला.

दिवेलागणीला मी मागच्या खोलीत गेले. मुकुंद तिथेच उभे होते, कोपऱ्यात, डावा हात कापडावर टेकून, खांदे पुढे झुकलेले. अंधार पडत होता. मी दिवा लावला.

"जयवंता," ते म्हणाले, "तू होतीस ना?"

"कुठे?"

"माझ्याजवळ. मी फटका मारताना. चहा ठेवून आली होतीस आणि माझा हात धरून दाखवलास. तूच ना? तू रोज दुपारी खेळतेस, तुला येतं. मला राग नाही, खरंच. तू होतीस म्हण."

मी दिव्याची वात सारखी केली.

"फॉर्म आण," ते म्हणाले. "सही करतो. आत्ता करतो. फक्त म्हण, मी होते."

दहा दिवस मी खरं सांगत होते, त्याला या घरात कवडीची किंमत नव्हती. आणि आता खोट्यासाठी माझा नवरा हात जोडत होता. म्हणजे जोडले नाहीत, एकच हात हलत होता, पण सूर तोच. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी जिन्याखाली जाऊन पुस्तकातून फॉर्म काढला, दौत-टाक घेतला आणि परत आले.

"आधी सही," मी म्हणाले.

मी कागद त्यांच्यासमोर कठड्यावर धरला. तो मलाच धरून ठेवावा लागला, नाहीतर सरकत होता. तीन पिढ्यांच्या सुंदर अक्षराचा वारस एका हातानं इंग्रजीत वेडीवाकडी सही करून मोकळा झाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी शाईवर फुंकर घातली. वाळेपर्यंत थांबले. कागदाची घडी करून ती पोलक्यात खोचली.

"मी नव्हते," मी म्हणाले. "मी दारात होते आणि माझ्या दोन्ही हातांत ट्रे होता. तुम्ही बघितलंत. मी कधीच नव्हते."

मला वाटलं ते ओरडतील. कागद हिसकावतील. त्यांनी फक्त मान हलवली, एखाद्याला आधीच ठाऊक असावं तशी. मग त्यांनी खाली बघितलं, हिरव्या कापडावरच्या आपल्या डाव्या हाताकडे. दुपारपासून तो हात त्या जागेवरून हललेला नव्हता, हे तेव्हा मला दिसलं. बोटं नीट होती. करंगळी आत, अंगठा वर. मनगटाजवळ कातडी आत दबली होती.

"मग हा हात," त्यांनी अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला विचारलं, "अजून कुणी दाबून धरलाय?"